खटला लक्षात राहिला, दवाखाना विसरला

(मेढा इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



विषयाची पाटी वाचून बरेच जण मागच्या खुर्च्यांवर बसलेत, हे आम्हाला इथून दिसतंय. खुशाल बसा. आवाज पोहोचतोय ना, मग झालं. मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याला दवाखान्यात काय मिळतं, हाच आज आपला विषय आहे.

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगून टाकतो. सातारा-सांगली भागात लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत समुपदेशक, परिचारिका, तंत्रज्ञ म्हणून काम केलेली आम्ही चार-पाच माणसं. अधूनमधून एकत्र बसून वाचतो, नाटक-सिनेमा बघतो आणि मग भांडतो. त्या भांडणांतून आजचं हे बोलणं तयार झालंय, म्हणून एकाचं नाव न लावता ‘आम्ही’ म्हणतोय. या मालेत पुस्तकांवर, नाटकांवर बोलतात. आम्हीही तेच करणार आहोत. फक्त आमच्या यादीत एक मासिक, एक सिनेमा, एक नाटक यांच्या जोडीला भिंतीवरची एक जाहिरात आणि सरकारी दवाखान्याची एक पाटीही आहे. ही पाचही मजकुराचीच रूपं आहेत आणि पाचही एकाच माणसाशी बोलतात. ज्याला ‘तिथे’ काहीतरी झालंय आणि कुणाला सांगावं हे कळत नाहीये, त्या माणसाशी.

सुरुवात र. धों. कर्व्यांपासून करू. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हिंदुस्थानातलं ते पहिलं समजलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला. म्हणजे जगाच्या मागे पन्नास वर्षं वगैरे आपण नव्हतो, अगदी बरोबरीने होतो. १९२५ मध्ये कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं.

यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. आता आम्ही एक साधी परीक्षा घेतो. खटला ठाऊक होता, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता १९२१ च्या त्या केंद्रात एक बाई गेली तर तिला काय मिळत होतं, कुठे बसावं लागत होतं, पैसे किती पडत होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हात वर करा. कोणीच नाही. आमचाही हात खालीच आहे. आमची तक्रार नेमकी हीच आहे. मराठी माणसाने कर्व्यांचा खटला जपला आणि दवाखाना हरवून टाकला.

अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ २००१ चा. किशोर कदम यांनी कर्वे केले, सीमा बिस्वास यांनी मालतीबाई. सिनेमा प्रामाणिक आहे, याबद्दल आमच्यात वाद नाही. कुठलाही भडकपणा न करता एवढा अवघड विषय त्याने पडद्यावर आणला. पण तो चरित्रपट आहे आणि चरित्रपटात माणूस मध्यभागी असतो. बघून बाहेर पडताना डोक्यात राहतो तो एकटा, चिवट, वाकायला तयार नसलेला कर्वे. त्याच्याकडे कोण येत होतं, कोण येऊ शकत नव्हतं, आलेला पुन्हा का आला नाही, हे प्रश्न डोक्यात राहत नाहीत. कारण ध्यास कर्व्यांचा आहे, रुग्णाचा नाही.

२०१७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आलं. लेखक अजित दळवी, दिग्दर्शक अतुल पेठे, कर्व्यांच्या भूमिकेत गिरीश कुलकर्णी. नाटकाने मध्यवर्ती जागा खटल्यांना दिली. ते स्वाभाविक आहे, कोर्ट म्हणजे आयतं नाटक. दोन बाजू, एक न्यायाधीश, सवाल-जबाब. शिवाय आज कोण काय लिहू शकतं, यावर नाटकाला बोलायचं होतं आणि ते त्याने जोरात बोललं. आम्हाला नाटक आवडलं. तरीही परत येताना गाडीत आमची एक सहकारी म्हणाली, “अहो, ज्याने तो प्रश्न लिहून पाठवला होता, त्याचं काय झालं?”

या वाक्यावर आम्ही बराच काळ अडकलो. १९३४ चा खटला कशावर होता? वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांवर आणि कर्व्यांनी दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, समलिंगी संबंध म्हणजे काय, अशा प्रश्नांवर. आंबेडकरांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की, लोक असे प्रश्न विचारतात म्हणजे ते विकृत ठरत नाहीत आणि विकृती असली तरी ती ज्ञानानेच जाईल. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. पण हा युक्तिवाद नीट वाचला तर लक्षात येतं की, आंबेडकरांनी संपादकाचा लिहिण्याचा हक्क मांडलाच, त्याहून जास्त त्यांनी विचारणाऱ्याचा उत्तर मिळण्याचा हक्क मांडला. आपण पहिला हक्क डोक्यावर घेतला. दुसऱ्याकडे अजून वळलेलो नाही. लिहिणाऱ्याचं स्वातंत्र्य आणि विचारणाऱ्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी धैर्य लागतं, दुसरीसाठी दार, वेळ, खोली आणि पगार मिळणारं माणूस लागतं.

आता कर्व्यांवरही थोडी टीका करू. पूजा करायची नाही, हे त्यांनाच आवडलं असतं. ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीराची लाज वाटू नये ही त्यामागची भूमिका, आणि ती तर्कशुद्ध आहे. कर्वे गणितीच होते. पण ते मुखपृष्ठ घेऊन एकत्र कुटुंबातली सून घरात कुठे ठेवणार? उशीखाली? पोस्टमन अंक कुणाच्या हातात देणार? लाज मोडायची म्हणून काढलेलं चित्र, लाजेत अडकलेल्या वाचकाचीच वाट अडवतं. उलट त्याच मासिकातला प्रश्नोत्तरांचा भाग बघा. नाव न छापता प्रश्न, सरळ उत्तर, उपदेश नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर तो कागदावरचा दवाखाना होता. कुणी बघत नाही, कुणी हिणवत नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि शेजारच्याच्याही मिळतं. मुखपृष्ठ म्हणत होतं, धीट हो. आतलं पान म्हणत होतं, धीट नसशील तरी चालेल. आमच्या मते कर्व्यांचं मोठेपण आतल्या पानावर आहे. नाटक-सिनेमाने मात्र मुखपृष्ठ उचललं.

आता भिंतीवरच्या जाहिरातीकडे येतो. हसू नका. म्हणजे हसा, पण वाचाही. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर, पुलाच्या कठड्यावर, रसवंतीच्या मागे ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गुप्तरोग, शीघ्रपतन, स्वप्नदोष, मूल न होणे, हमखास इलाज, अमुक लॉजवर, दर अमुक वारी, सकाळी इतके ते संध्याकाळी इतके, खाली मोबाईल नंबर. आम्ही या जाहिराती नाटकाच्या संहितेइतक्याच बारकाईने वाचतो, कारण आमचे निम्मे पुरुष रुग्ण आधी तिथे जाऊन आलेले असतात. औषध बहुतेकदा निरुपयोगी, कधी घातक. पैसे हजारांत. मूळ आजार तसाच, वर दोन-तीन महिने गेलेले, आणि त्या मुदतीत बायकोलाही लागण.

हे फसवणुकीचं झालं. पण मजकूर म्हणून ती जाहिरात किती हुशार आहे बघा. वार ठरलेला आहे, म्हणजे हेलपाटा नाही. जागा लॉजची आहे, तिथे जाणारा माणूस कशासाठी जातोय हे कुणाला कळत नाही. स्टँडजवळ आहे, गाडी चुकत नाही. केसपेपर नाही, आधार कार्ड नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती मुतारीच्या भिंतीवर आहे, म्हणजे माणूस एकटा असतो तिथे. ज्याने ती लिहिली त्याला औषधातलं काही कळत नसेल, पण लाज कशी चालते हे त्याला पुरतं कळलेलं आहे.

आता याच्यासमोर आपली सरकारी पाटी ठेवा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लैंगिक आजारांच्या दवाखान्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ असं नाव दिलं. गुप्तरोग विभाग या जुन्या नावापेक्षा ते शंभर पटींनी बरं. किशोरवयीन मुलामुलींसाठी राज्यात ‘मैत्री क्लिनिक’ आहेत, तेही नाव छान. एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन आयसीटीसीमध्ये होतं, फुकट. म्हणजे मजकूर सुधारला. आतलं औषधही चांगलं आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. लक्षणं बघून लगेच द्यायची सात किट आहेत, प्रत्येकाला नंबर आणि रंग. राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी, अंगावरून जात असेल तर तपासून राखाडी किंवा हिरवं, जखम असेल तर पांढरं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, दुसऱ्या हेलपाट्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी औषध. ज्या माणसाची पुन्हा येण्याची खात्री नाही, त्याच्यासाठी ही पद्धत बनली आहे. लॉजवाल्याच्या जाहिरातीइतकीच ही पद्धतही माणूस ओळखून केलेली आहे, आणि ती फसवत नाही.

मग अडतं कुठे? पाटीपासून किटपर्यंतच्या तीस पावलांत अडतं.

ही तीस पावलं आम्ही अनेक ठिकाणी मोजली आहेत. कुठल्या दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण हे एकट्या-दुकट्याचं नाही. पहिलं पाऊल केसपेपरची खिडकी. तिथे मागे दहा माणसं उभी, आणि आतून प्रश्न येतो, “काय होतंय?” बाई म्हणते, “अंग दुखतंय.” झालं, ती जनरल ओपीडीत गेली. अंगदुखीची गोळी घेऊन ती घरी जाणार. दुसरं, बोर्डाखालचं बाकडं. ‘सुरक्षा’ लिहिलेल्या दारासमोर बसलेला माणूस म्हणजे जाहीर झालेला माणूस. तिसरं, वेळ. सकाळची ओपीडी, आणि मजुरीवर जाणारी बाई सकाळीच रानात. चौथं, दार. समुपदेशन चालू असताना शिपाई फाईल मागायला आत येतो. पाचवं, नजर. लग्न न झालेल्या मुलीने गर्भनिरोधक गोळीबद्दल विचारलं की पहिल्यांदा तिच्या गळ्याकडे बघितलं जातं. यातल्या एकाही पावलाला मोठा खर्च नाही. खिडकीवर ‘कुठे जायचंय’ एवढंच विचारायचं, ‘काय होतंय’ हे आत विचारायचं. बाकडं वळवायचं. कडी लावायची. कडीला किती पैसे लागतात?

शब्दांबद्दल थोडं बोलायला पाहिजे, कारण आमच्या कामाचं अर्धं औषध शब्दांत आहे. बाई ‘योनिस्राव’ म्हणत नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणते, धुपणी म्हणते. जुनी माणसं परमा म्हणतात, गरमी म्हणतात. गर्भाशय म्हणजे पिशवी. पोस्टरवर मात्र ‘जननमार्गाचा संसर्ग’ असं छापलेलं असतं. बाई पोस्टरखाली बसून असते आणि ते आपल्याबद्दल आहे हे तिला कळत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हे सगळ्यात आधी ओळखलं. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्यांच्या मराठी पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. आम्हाला ते नाव फार नेमकं वाटतं. कानोसा घ्यायचा म्हणजे समोरच्याला दवंडी पिटायला न लावता ऐकायचं. आपल्याकडे लैंगिक आरोग्यावरचा प्रत्येक लेख ‘मोकळेपणाने बोला’ या सल्ल्यावर संपतो. आमचं म्हणणं उलटं आहे. बाईने मोकळं व्हायची अट कशाला? दवाखान्याने कान मोठे करावेत.

आणि हे न ऐकण्याची किंमत काय असते, तेही बोलू. पांढरं जाणं आणि ओटीपोटातलं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं की एक दिवस कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायका आपल्याच सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर कोयता घेऊन येतात. पालापासून सरकारी दवाखाना किती लांब, आणि खाडा झाला तर दंड किती, हे त्यांना विचारा. जी गोष्ट वेळेवर तपासून फुकटच्या किटने बरी झाली असती, तिच्यासाठी कर्ज काढून अवयव गेलेला असतो. सगळंच पांढरं जाणं लैंगिक आजाराचं नसतं, हेही इथे सांगायला हवं. बऱ्याचदा ते साधं असतं. पण साधं आहे हे सांगायलाही कुणीतरी तपासावं लागतं.

सांगलीकडे वळतो. कारण या सगळ्याचं उत्तर आपल्या शेजारीच तयार झालंय. १९९२ मध्ये मीना सेषु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीत ‘संग्राम’ संस्था सुरू केली. वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये एचआयव्हीचं काम. सुरुवातीलाच एक गोष्ट ठरली की निरोध बाहेरून कुणी वाटणार नाही, त्याच बायका एकमेकींना वाटतील. १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना झाली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. सांगलीच्या गोकुळनगरची बाई आपल्यासारख्याच दुसरीला घेऊन सरकारी दवाखान्यात जायला लागली. कुणी हिडीसफिडीस केलं तर दुसऱ्या दिवशी दहा जणी जाब विचारायला. २००५ मध्ये अमेरिकन सरकारच्या मदतीला वेश्याव्यवसायविरोधी भूमिकेची अट आली, तेव्हा ‘संग्राम’ने तो निधी नाकारला. पैसे घेतले असते तर ज्यांच्यासाठी काम, त्यांच्याच विरोधात सही करावी लागली असती.

‘संग्राम’च्या कामावर वाद आहेत, असायलाही हवेत. पण आजच्या विषयापुरतं आम्हाला त्यांच्यापासून एकच शिकायचं आहे. ज्यांच्याबद्दल सगळा समाज सगळं आधीच जाणतो, त्या बायकांनी दवाखान्याचं दार संघटनेच्या जोरावर उघडलं. त्यांना गुपित राखायचं नव्हतं, मान मिळवायचा होता. मेढ्याच्या बाईचं उलट आहे. तिला मान आहे, तो गुपितावर उभा आहे. म्हणून सांगलीची रीत जशीच्या तशी इथे चालणार नाही. इथे दहा जणी जाब विचारायला गेल्या, तर अकरावी कधी येणारच नाही.

मग जावळी तालुक्याला साजेसं काय? आम्हाला वाटतं, ते तुम्हीच एकदा करून दाखवलं आहे. दारूबंदीचं मतदान. उभी बाटली आणि आडवी बाटली. इथल्या बायकांनी दुकानं बंद पाडली ती भाषणं करून नाही, तर पडद्यामागे शिक्का मारून. नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, दुकानदारासमोर एक शब्द न बोलता. मतपेटीचा गुप्तपणा हा भित्रेपणा आहे असं कुणी म्हणालं नाही. तो हक्क होता. दवाखान्याचा गुप्तपणाही तसाच हक्क आहे आणि कायद्यातही आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल कुणाला सांगायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. सरकारी अहवालांत ‘जवळ’ म्हणजे चांगलं असं गृहीत असतं. बामणोलीकडच्या, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या माणसाला लाँच आणि मग गाडी धरून यावं लागतं, त्याच्यासाठी जवळ असणं चांगलंच. पण मेढ्यातलीच बाई मेढ्यात येत नाही, मुद्दाम एसटीने साताऱ्याला जाते. कारण इथली परिचारिका तिच्या नणंदेची मैत्रीण, आणि गावची आशा तिची जाऊ. घरपोच सेवा म्हणतो ती कधी कधी घरच्यांपर्यंत पोहोचणारी सेवा असते. म्हणून आम्ही दोन दारं मागतो. जवळचं एक आणि लांबचं एक, आणि लांबच्या दारात “तुम्ही तुमच्या तालुक्यात का नाही गेलात?” हा प्रश्न विचारायचा नाही.

तिसरी गोष्ट मुंबईची. या तालुक्यातली किती घरं माथाडीच्या कमाईवर उभी आहेत, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. नवरा नवी मुंबईच्या बाजारात, बायको इथे. आमच्या पद्धतीत दोघांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं. एकटीला दिलं तर ती बरी होते, तो शिमग्याला येतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तिने त्याला फोनवर काय सांगायचं? “तुम्हीपण गोळ्या घ्या”? त्याचा पहिला प्रश्न, “तुला कुठून झालं?” आजार बहुतेक वेळा त्याच्याकडून आलेला, आणि संशय तिच्यावर. या फोनवर संसार मोडू शकतो, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून जत्रा, गणपती, शिमगा या दिवसांत दवाखाना संध्याकाळीही उघडा हवा, आणि पुरुषांची तपासणी ‘बीपी-शुगर’च्या रांगेतूनच आत वळायला हवी. तिने बोलवायच्या ऐवजी दवाखान्याने बोलवावं.

आता मूळ मुद्द्यावर येऊन थांबतो. समीक्षक म्हणून आमची मागणी लेखकांकडे आहे. मराठीत लैंगिकतेवर लिहिणारे पुष्कळ झाले, आणि बहुतेकांनी स्वतःला कर्व्यांच्या रांगेत उभं केलं. निर्भीड, स्पष्ट, बंडखोर. ठीक आहे. पण बंडखोराचं नाटक बघून येणाऱ्या प्रेक्षकाला आपणही थोडे बंडखोर झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रेक्षक केसपेपरच्या खिडकीवर उभ्या मुलीकडे वळून बघतो. आम्हाला आता असं नाटक हवं आहे ज्यात कर्वे नाहीत. एक बाकडं आहे, एक दार आहे, बाई आत जाते की नाही जात एवढीच गोष्ट आहे. नाट्य त्यात कमी नाही. आम्ही ते रोज बघतो.

एवढंच. आता प्रश्न असतील तर विचारा. चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालतील, नाव नको.

चिठ्ठी : शाळेत लैंगिक शिक्षण दिलं तर हे सगळं आपोआप सुटेल ना?

बरंच हलकं होईल, आपोआप सुटणार नाही. आणि दिलं जाईल हेही गृहीत धरू नका. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या साहित्यावरून आपल्या राज्यात गदारोळ झाला आणि कार्यक्रम थांबवला गेला. शिक्षण म्हणजे मुलाला कळणं की आपल्याला दवाखान्यात जायला पाहिजे. तिथे गेल्यावर त्याचा अपमान झाला, तर त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच की त्याला आता नेमकं ठाऊक असतं आपल्याला काय झालंय.

चिठ्ठी : सतरा वर्षांच्या मुलीची पाळी चुकली असेल तर डॉक्टर पोलिसांना सांगतात का? मग ती येणार कशी?

ही चिठ्ठी देणाऱ्याचे आभार. अठराच्या आतल्या मुलीबाबत पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या भीतीने मुली भलतीकडे जातात हे खरं आहे. पण २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. त्याच निकालात अविवाहित बाईलाही विवाहितेसारखाच, चोवीस आठवड्यांपर्यंतचा हक्क मान्य झाला. हे डॉक्टरांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. म्हणून सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाने हे माहीत करून जावं. आणि उशीर करू नये, वेळ हीच इथे सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

मागून एक आजी : आमच्या वयात आता काय तपासायचं?

आजी, पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं, एकदा जरी गेलं, तर लगेच दाखवायचं. वय झालं म्हणून सोडायचं नाही. आणि तुम्ही हात वर करून विचारलंत, त्यामुळे या बाजूच्या चार जणींना चिठ्ठी लिहावी लागली नाही.

चिठ्ठी : कुणाला न भेटता माहिती कुठे मिळेल?

१०९७ हा एचआयव्ही आणि लैंगिक आजारांसाठीचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. नाव सांगावं लागत नाही. हा क्रमांक आम्ही बाहेरच्या फळ्यावर लिहिलेला नाही. छोट्या चिठ्ठ्या करून बायकांच्या आणि पुरुषांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत आतल्या बाजूला ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.